दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठे शोधायचा?

एकांतातल्या प्रार्थनेबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : यजमान जाऊन सात महिने झाले. संध्याकाळी घरातले सगळे मिळून रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो, पण माझं मन लागत नाही. एकटीने देवाजवळ बसावंसं वाटतं. घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. कुठे बसू आणि सुरुवात कशी करू? (एक वाचक, वसई)

उत्तर : जागेआधी वेळ शोधा. मार्कच्या शुभवर्तमानात (१:३५) येशू पहाटेच्या अंधारात उठून निर्जन जागी प्रार्थनेला जातो. आदल्या संध्याकाळी सगळं गाव त्याच्या दाराशी लोटलेलं होतं. तुमच्याही घरात पहाटे, नळाला पाणी येण्याआधी, स्वयंपाकघराचा कोपरा रिकामा मिळेल. तेही जमत नसेल आणि दुपारी चर्च उघडं असेल, तर मागचा बाक गाठा.

पहिले पंधरा दिवस दहाच मिनिटं बसा. जमलं तर हळूहळू वीसपर्यंत जा. एकदम अर्धा तास ठरवला की दोन दिवस चुकतात, मग अपराधी वाटतं आणि सगळंच सुटतं. वेळ कळायला साधं गजराचं घड्याळ ठेवा. फोन हातात घेतला की आलेले मेसेज दिसतातच. भिंतीला पाठ टेकून बसा किंवा खुर्ची घ्या. गुडघे टेकलेच पाहिजेत असं नाही, दुखायला लागले की सगळं लक्ष तिकडेच जातं.

आता बायबल उघडा. सुरुवातीला स्तोत्र २३ पुरे. ओठ हलतील इतक्या हळू आवाजात एकदा पूर्ण वाचा. दुसऱ्यांदा वाचताना जी ओळ मनाला लागेल तिथे थांबा आणि तीच सावकाश म्हणत राहा. या स्तोत्रात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हिरवी कुरणं आणि शांत पाणी असेपर्यंत कवी मेंढपाळाविषयी ‘तो’ म्हणून बोलतो. मृत्यूच्छायेची दरी आली की ‘तू’ म्हणायला लागतो. तुम्हीही तिथे वाचन थांबवून बोलायला लागा. यजमानांचं नाव घ्या. राग आला असेल तर तोही सांगा, स्तोत्रांमध्ये रागाला भरपूर जागा आहे. शेवटची दोन-तीन मिनिटं काही न बोलता बसा आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना एकेका मागणीनंतर श्वासभर थांबत म्हणून उठा. रडू आलं तर येऊ द्या. वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान अशा या चार पायऱ्या बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या, कार्थुसियन या संन्यासी संघातल्या संन्याशाने लिहून ठेवल्या आहेत.

दोन चुका टाळा. एका बैठकीत तीन अध्याय संपवू नका; तो अभ्यास झाला, त्याची वेळ वेगळी. आणि डोळे मिटून कुठलंही पान उघडून ‘आजचा संदेश’ शोधू नका, त्यातून बहुतेक वेळा आपलीच भीती आपल्याला परत ऐकू येते.

संध्याकाळची रोझरी मात्र सोडू नका. शब्द सुचत नसतील त्या दिवशी मणी नुसते बोटांतून सरकवा. बाकीचे म्हणतात, त्यात तुमचीही प्रार्थना येते.

प्रश्न : प्रार्थनेला बसलो की ऑफिसची कामं आठवतात, नाहीतर डुलकी लागते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी झोपेचं बघा. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात थकलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगरावर ऐकू येणारी देवाची मंद, शांत वाणी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येते. तुम्ही पाच तास झोपत असाल तर डुलकी लागणारच. जेवणानंतर लगेच बसू नका, पलंगावर तर नकोच.

विचार हाकलून जात नाहीत. त्यांच्याशी भांडण्यातच वेळ जातो. परत यायला एक छोटी ओळ ठरवून ठेवा. इजिप्तच्या वाळवंटातले मठवासी स्तोत्र ७० ची पहिली ओळ दिवसभर म्हणत, हे जॉन कॅसियन या संन्याशाने पाचव्या शतकात नोंदवलं आहे : ‘हे देवा, मला सोडव, हे परमेश्वरा, माझ्या साहाय्यास त्वरा कर.’ पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही येशू-प्रार्थना आहे. पहिला भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना म्हणता येतो. पण श्वास मुद्दाम खोल ओढू नका. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वासाचा नाद सोडा आणि नुसते शब्द म्हणा. खरोखर महत्त्वाचं काम आठवलं तर शेजारच्या कागदावर एक शब्द लिहा आणि पुन्हा त्या ओळीवर या.

प्रश्न : मन रिकामं करणं ख्रिस्ती नाही, असं आमच्या मंडळीत सांगतात. (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : इशारा योग्य आहे, पण इथे मन रिकामं करायचंच नाही. समोर वचन आहे आणि आपण ख्रिस्ताशी बोलतो आहोत. गप्प बसतो तेही त्याच्यासमोर. खोलीत जाऊन दार लावून घेण्याची आज्ञा खुद्द येशूचीच आहे (मत्तय ६:६). शंका वाटत असेल तर बसण्याआधी मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं (१८६१–१९१९) एखादं पद म्हणा. उपासनेत तुम्ही ती गातच असाल. आणि आपण नेमकं काय करतो ते पाळकसाहेबांना सांगून टाका. लपवाछपवीमुळेच गैरसमज वाढतात.

प्रश्न : तीन महिने नेमाने बसते, पण काहीच जाणवत नाही. देव दूर गेल्यासारखा वाटतो. बंद करू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नको. मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असं येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी सांगितलं आहे. त्यांचा आणखी एक सल्ला असा की अशा दिवसांत उलट थोडं जास्तच बसावं. दहा मिनिटं ठरलेली असतील तर अकरा बसा. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर २००७ साली प्रसिद्ध झाली. अशा कोरडेपणात त्यांनी अनेक वर्षं काढली, हे त्यांतून कळलं. या काळात गोड वचनं शोधत बसू नका. स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, ते ‘किती काळ?’ असं विचारतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तेही बायबलमध्येच आहे, म्हणून ते शब्द देवापुढे हक्काने म्हणा.

पण एक फरक नीट ओळखा. नुसती प्रार्थनाच कोरडी झाली आहे, की जेवण, झोप, माणसं, आवडीची कामं, सगळ्यातलाच रस गेला आहे? दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा. अशा आजारात वर सांगितलेलं ‘थोडं जास्त बसा’ लागू नाही. दहाची पाच मिनिटं करा, एकटीने फार वेळ बसू नका, आणि रविवारी उपासनेला एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन जा.