तुमचे प्रश्न : सी ची फाईल मॅकवर का चालत नाही?

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते, बीसीएस फर्स्ट इयरला आहे. माझ्या विंडोज लॅपटॉपवर केलेल्या सी प्रोग्रामची एक्सई फाईल दादाच्या नवीन मॅकवर चालेना, पायथनचा प्रोग्राम मात्र लगेच चालला. शेवटी दोन्हीचा मशीन कोडच होतो ना?

उत्तर : पायथनचा नाही होत, घोळ तिथेच आहे. सी चा कंपायलर तुझा अख्खा प्रोग्राम आधीच तुझ्या प्रोसेसरच्या आज्ञांमधे उतरवून मोकळा होतो, एक्सईत तुझं सी उरतच नाही, नुसते आकडे. समजा एका फंक्शनमधे तू लिहिलंस, रिटर्न ६० गुणिले ६० गुणिले २४. तुला वाटणार मशीन दर वेळी गुणाकार करत बसेल, पण तो कंपायलरने स्वतःच उरकलेला असतो आणि ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करायची सोय) लावलंस तर इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी साधारण एवढंच निघतं : बी८ ८० ५१ ०१ ०० सी३. सहा बाईट, पेठेतल्या दुकानदारासारखं, विचारलं तेवढंच! बी८ म्हणजे पुढचा आकडा ईएएक्स रजिस्टरमधे (प्रोसेसरच्या आतला छोटा कप्पा) टाक, मधले चार बाईट म्हणजे ८६४०० (हेक्समधे, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, १५१८०, पण बाईट शेपटाकडून लिहिलेले), सी३ म्हणजे आलास तिथे परत जा.

म्हणून कंपाईल करण्याला ‘भाषांतर’ म्हणणं मला फारसं पटत नाही, ओळीला ओळ असं काही नसतंच. आणि कंपाईल म्हणजे खरं तर गोळा करणं, संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर बाईंचा १९५२ चा ए-झिरो हा कंपायलर तयार सबरूटीन्स (प्रोग्रामचे छोटे तुकडे) गोळा करून जोडायचा, त्यावरून ते नाव आलं.

आता दादाचा मॅक. २०२० पासून ॲपलने मॅकमधे स्वतःचे एआरएम जातीचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली, तिथे प्रत्येक आज्ञा चार बाईटची आणि आकडेही वेगळे, त्याला तुझं बी८ काय कळणार. बरं प्रोसेसर सारखा असता तरी विंडोजच्या एक्सईची मांडणी वेगळी आणि मॅकची वेगळी, त्यामुळे अडलंच असतं.

पायथनचं म्हणशील तर तू त्याला मजकूरच दिलास. त्याचं बाईटकोड (कुठल्याच प्रोसेसरच्या नसलेल्या, मधल्या आज्ञा) करून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, दादाच्या मशीनवर आधीपासून होता, त्या मशीनसाठीच कंपाईल केलेला, आणि गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा सी मधेच लिहिलेला असतो.

तेव्हा दादाला एक्सई नको, डॉट सी फाईल पाठव आणि तिथे क्लँग या कंपायलरने कंपाईल करायला सांग. कमांडमधे मायनस कॅपिटल एस घातलं की असेंब्ली, म्हणजे त्याच आज्ञा वाचता येतील अशा शब्दांत, मिळते, दोघांची शेजारी ठेवून बघा.