रोममध्ये चार दिवस आहोत. चांगलं जेवण आणि चांगली कॉफी कुठे मिळेल, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये चार दिवस, मुक्काम तेर्मिनी स्टेशनजवळ, दोघांपैकी एक जण शाकाहारी, आणि नकाशावरच्या रेटिंगवर किती भरवसा ठेवावा असा प्रश्न आहे. रेटिंगचं आधी सांगून टाकू: फार नको. पर्यटक दोन गोष्टींना तारे देतात, जागेच्या देखाव्याला आणि वेटरच्या हसण्याला. रोममधले उत्तम वेटर फारसे हसत नाहीत. त्यामुळे वस्तीतली चोख खानावळ 4.2 वर अडकते आणि कोलोसिअमसमोरची सुमार जागा 4.6 मिरवते. परीक्षणांमध्ये दर दुसऱ्या माणसाने वेटरचं नाव आणि फुकट मिळालेली लिमोंचेल्लो (लिंबाचं मद्य) लिहिली असेल, तर ती जागा सोडा.

रेटिंगपेक्षा घड्याळ बघा. रोममधल्या खऱ्या त्रात्तोरियाचं, म्हणजे घरगुती खानावळीचं, स्वयंपाकघर दुपारी साडेबारा ते अडीच-तीन आणि रात्री साडेसात ते साडेदहा-अकरा एवढंच चालतं. मधे चूल बंद. दुपारी साडेचारला गरमागरम पास्ता वाढणारी जागा बहुतेक वाटसरूंवर चालते. तिला तुम्ही पुन्हा येण्याची गरज नसते. नकाशात प्रत्येक जागेखाली गर्दीचा आलेख असतो. दुपारचं टोक दीडच्या आसपास आणि रात्रीचं नऊच्या आसपास असेल तर तिथे गावातले लोक जेवतात. संध्याकाळी साडेसहालाच टोक दिसलं तर सगळे परदेशी. म्हणून सकाळचं फिरणं एकपर्यंत आवरा. तीन वाजता म्युझियममधून भुकेले बाहेर पडलात, की जे उघडं दिसेल त्यात शिराल, आणि ते नेमकं नको तेच असेल.

शोधताना 'रेस्टॉरंट' टाकू नका. त्रात्तोरिया (trattoria), ओस्तेरिया (osteria, साधी खानावळ), फोर्नो (forno, बेकरी), पिझ्झा आल ताल्यो (pizza al taglio, कापून विकलेला पिझ्झा), ताव्होला काल्दा (tavola calda, तयार गरम जेवणाचं दुकान) हे शब्द रोमन लिपीत टाका. मोठ्या स्मारकापासून दहा-पंधरा मिनिटं चालत लागेल इतकं लांब सरका. मग परीक्षणं 'सर्वांत नवी' या क्रमाने लावा, इटालियनमधली वाचा आणि तीन ताऱ्यांवाली आवर्जून वाचा. खरी माहिती तिथे असते. ग्राहकांनी टाकलेले मेनूचे आणि बिलाचे फोटो शोधा. इथे फसवणूक करणं कठीण.

मेनूवर काय बघायचं? चांगला मेनू एक-दोन पानांचा असतो आणि ऋतूबरोबर बदलतो. इटलीत गोठवलेला माल वापरला तर बहुतेक ठिकाणी पदार्थापुढे तारा काढून पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहितात. अर्ध्या पदार्थांपुढे तारे दिसले की उठा. एप्रिल हा रोमच्या आर्टिचोकचा, म्हणजे कार्चोफीचा, ऐन हंगाम. या महिन्यात ते नसतील तर स्वयंपाक्याला बाजाराची फिकीर नाही, आणि ऑगस्टमध्ये मिळत असतील तर ते बाहेरून किंवा फ्रीझरमधून आलेले. कार्बोनारात (रोमचा अंडं-चीजचा पास्ता) क्रीम, किंवा 'स्पॅगेटी बोलोनेझ' हे नाव दिसलं, तर तो मेनू रोमसाठी लिहिलेलाच नाही. दारात उभा राहून हाका मारणारा माणूस आणि पदार्थांचे प्लास्टिक चढवलेले फोटो यांबद्दल वेगळं सांगायला नको.

शाकाहाराचं जरा नीट बघावं लागेल, कारण इथे 'मांस नाही' म्हटलं तरी मासा येतो. झुक्किनीची तळलेली फुलं, फ्योरी दी झुक्का, रोममध्ये मोत्झारेल्लाबरोबर खारवलेली अँचोव्ही घालून भरतात. पुन्तारेल्लेच्या (चिकोरीच्या कोवळ्या कोंबांच्या) सॅलडमध्येही अँचोव्ही कुटलेली असते. विन्यारोला ही वसंतातली मटार-बाकल्याची भाजी दिसायला निर्धोक, पण तिच्यात बऱ्याचदा ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, असतं. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तीन पास्त्यांत तर ते असतंच. सुप्प्ली या भाताच्या तळलेल्या गोळ्यात अनेकदा खिम्याचा रस्सा घालतात. म्हणून सांगताना दोन वाक्यं: 'सोनो वेजेतारियाना' (पुरुष असेल तर वेजेतारियानो), आणि लगेच 'निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते आलीची'. आलीची म्हणजे अँचोव्ही. हा तिसरा शब्द विसरू नका.

निवांत खाता येईल असं: काचो ए पेपे (पेकोरिनो चीज आणि मिऱ्यांचा पास्ता), कार्चोफी आल्ला जुदिया (अख्खा आर्टिचोक दोनदा तळून कमळासारखा उलगडलेला), कार्चोफी आल्ला रोमाना (लसूण-पुदिन्यात शिजवलेला), लसूण-मिरचीत परतलेली चिकोरिया (कडसर पालेभाजी), पेन्ने आल्लार्राब्ब्याता (टोमॅटो-मिरचीचा पास्ता), पिझ्झा मारिनारा (टोमॅटो-लसणाचा, चीज नसलेला). पण चीजचा निर्णय घरूनच करून निघा. पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध विरजणाऱ्या द्रव्याने) विरजतात, पार्मिजानोला वासराचं. ते चालत नसेल तर काचो ए पेपे यादीतून गेलं, आणि आर्राब्ब्याता 'सेन्त्सा फोर्माज्जो', म्हणजे चीजशिवाय, मागावी लागेल. दुसरा मांसाहारी असून गोमांस टाळत असेल तर कोदा आल्ला वाच्चिनारा, आल्लेस्सो आणि साल्तिम्बोक्का बाजूला ठेवा. पहिले दोन गोमांसाचे, तिसरा वासराचा.

दुपारसाठी माझं मत पिझ्झा आल ताल्योच्या बाजूने. लांबट ताटांतला पिझ्झा कात्रीने कापून वजनावर विकतात. पाटीवर 1.80 दिसलं तर तो तुकड्याचा भाव नव्हे, शंभर ग्रॅमचा, म्हणजे एका एत्तोचा. काही दुकानं किलोचा भाव लावतात. विक्रेता कात्री ताटावर धरून तुमच्याकडे बघतो. हाताने रुंदी दाखवा, 'दी मेनो', म्हणजे कमी, म्हटलं की कात्री आत सरकते. दोन-तीन प्रकार मिळून एकाला 200 ते 250 ग्रॅम पुरतात. मग 'स्काल्दो?' विचारतो, म्हणजे गरम करू का. बटाट्याच्या पिझ्झाला हो म्हणा, मोत्झारेल्ला किंवा कच्ची पानं वरून घातलेल्याला नको म्हणा. व्हॅटिकन म्युझियमच्या दिवशी चीप्रो मेट्रोजवळचं, बोन्ची या पिझ्झेवाल्याचं पिझ्झारियुम हे दुकान त्यासाठी योग्य. गोल रोमन पिझ्झा मात्र बहुतेक पिझ्झेरियांत रात्रीच भट्टी पेटल्यावर मिळतो.

एक दुपार तेस्ताच्चो या वस्तीला द्या. तेर्मिनीहून मेट्रो बी, चौथं स्टेशन पिरामिदे, तिथून पंधरा मिनिटं चालत. 1975 पर्यंत इथे शहराचा कत्तलखाना होता. कामगारांच्या वाट्याला येणाऱ्या आतड्या-काळजांतून रोमची बरीचशी पाककला उभी राहिली. आजही त्रात्तोरियांची दाटी तिथेच. तेस्ताच्चोचा मंडईवजा बाजार सोमवार ते शनिवार, दुपारी साडेतीनपर्यंत; रविवारी जाऊन उपयोग नाही.

कॉफीचं गणित सोपं आहे, पण क्रम चुकला की ताटकळता. मध्यवर्ती भागातल्या बारमध्ये (इटलीत कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात) आधी गल्ल्यावर, म्हणजे कास्सावर, पैसे भरायचे, पावती घेऊन काउंटरवर जायचं आणि ती ठेवून पुन्हा तोंडाने सांगायचं. वस्तीतल्या बारमध्ये बहुधा आधी प्यायची, मग पैसे. उभ्याने एस्प्रेसो साधारण सव्वा ते दीड युरो. तीच टेबलावर बसून घेतली तर दुप्पट-तिप्पट, आणि हा भाव पाटीवर लिहिलेला असतो, त्यामुळे भांडायला जागा नाही. 'उन काफ्फे' म्हणजे एस्प्रेसो. 'लात्ते' मागितलंत तर नुसतं दूध येईल, 'काफ्फेलात्ते' म्हणा. पॅन्थिऑनजवळचं सान्तेउस्ताक्यो हे कॉफीचं दुकान कॉफीत साखर घालूनच देतं. नको असेल तर पैसे भरतानाच 'सेन्त्सा झुक्केरो' सांगा.

बिलात दोन जागा बघायच्या. लात्सिओ प्रांताने 2006 मध्ये कोपेर्तो, म्हणजे बसण्याचा आकार, बंद केला, म्हणून रोममध्ये 'पाने' नावाने पावाचे एक-दोन युरो लागतात. पाव नको असेल तर आल्याबरोबर परत पाठवा, तोडल्यावर नाही. दुसरी जागा अख्खा मासा. मेनूवर भाव शंभर ग्रॅमचा असतो. सात युरो स्वस्त वाटतात, पण सहाशे ग्रॅमचा मासा म्हणजे 42 युरो. शिजवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा, मागितल्यावर दाखवतात. टिप बंधनकारक नाही.

रात्रीच्या जेवणाला, विशेषतः शुक्रवार-शनिवारी, टेबल राखूनच जा. अनेक छोट्या जागा फक्त फोनवर घेतात; सकाळी अकरा-बाराला किंवा संध्याकाळी साडेसहाला फोन करा, तेव्हा कोणीतरी उचलतं. भर जेवणाच्या वेळी नको. साडेसातची वेळ दिली तर विचारून घ्या की टेबल कितीला सोडायचं, कारण दुसरी पंगत साडेनऊला बसते. बऱ्याच त्रात्तोरिया रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद असतात. शिवाय एप्रिल आहे, तेव्हा ईस्टरचा रविवार-सोमवार आणि 25 तारखेची राष्ट्रीय सुट्टी तुमच्या दिवसांत येते का तपासा. येत असेल तर त्या दुपारचं टेबल निदान आठवडाभर आधी राखून ठेवा.