पोस्ट-हॉकला 'उत्तरोत्तर' कशाला म्हणायचं?

कर्वेनगरहून एका संशोधक मुलीचा प्रश्न आहे: प्रबंधात पोस्ट-हॉक तुलनेला (एकूण चाचणीनंतर कोणता गट कोणापेक्षा वेगळा हे जोडीजोडीने पाहणं) 'उत्तरोत्तर तुलना' म्हणा असं मार्गदर्शक सांगतात, बरोबर का? शिवाय मिक्स्ड मॉडेलनंतर (एकाच व्यक्तीच्या अनेक नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे धरणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) तीन गटांची तुलना केली तर एका जोडीचा टी २.२ आला, डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, स्वातंत्र्यांश) २०, तरी पी (खरा फरक नसतानाही योगायोगाने इतका टी येण्याची शक्यता) ०.१० च्या आसपास. असं कसं?

'उत्तरोत्तर' मुळीच नको. 'उत्तरोत्तर प्रगती होवो' हे शुभेच्छापत्रात शोभतं. पोस्ट-हॉकमध्ये उत्तरोत्तर वाढतो तो फक्त नसलेला फरक सापडण्याचा धोका. दुसरा एक पंथ 'कार्योत्तर'वाल्यांचा. हा शब्द सरकारी फायलीतला: आधी खर्च उरकायचा, मग कार्योत्तर मंजुरी घ्यायची. काही प्रबंध वाचताना तो चपखल वाटतो हे कबूल, पण परिभाषेत टोमणा नको.

सरळ 'पश्चात तुलना' म्हणा. लॅटिन 'पोस्ट' आणि संस्कृत 'पश्चात्' एकाच मुळाची भावंडं आहेत. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीमागे येते ती पश्चिम, तीही याच घरातली. म्हणजे अर्धा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे आणि आपण शुभेच्छापत्रं धुंडाळतोय! (डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचा दाखला मागू नका. काम १९४८ साली सुरू झालं, गाडी अजून 'अ'मध्ये आहे. 'प' येईपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.)

खरी गंमत 'हॉक'ची. लॅटिनमध्ये 'होक' म्हणजे 'हे'. दक्षिण फ्रान्समध्ये त्याचं झिजून 'ओक' झालं आणि अर्थ झाला 'हो'. 'ओक' म्हणणाऱ्यांची भाषा ती लांग दोक, त्यावरून प्रांताचं नाव लांगदोक. उत्तरेत 'होक'ला 'इल' चिकटलं, 'ओइल' झालं आणि पुढे आजचं 'वी'. फ्रेंच माणूस होकार देतो तेव्हा मुळात 'हे' म्हणत असतो. आपला 'होय' मात्र 'होणे'तून आला. दोन्हींत 'हो' ऐकू येतो म्हणून नातं जोडू नका. कावळा बसला म्हणून फांदी तुटली म्हणणं ते हेच, आणि त्या तर्कदोषाच्या लॅटिन नावातही 'पोस्ट होक' आहेच.

हां, तुमचा टी राहिला. टी रेशो म्हणजे दोन अंदाजांतला फरक भागिले त्या फरकाची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप. उणे चिन्ह आलं तर घाबरू नका, वजाबाकीचा क्रम उलटा आहे इतकंच. २० डीएफवर एकट्या २.२ चा पी ०.०४ च्या घरात येतो. पण तीन गटांच्या तीन जोड्या होतात, जोड्या वाढल्या की नसलेला फरक सापडण्याचा धोका वाढतो, म्हणून आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ईएममीन्स हे पॅकेज तुम्ही न सांगताही टूकीची दुरुस्ती लावतं, म्हणजे पी वाढवून दाखवतं. मग पी ०.०५ या रूढ मर्यादेच्या आत यायला टी साधारण २.५३ च्या पुढे लागतो. दुरुस्ती पीवर होते, छापलेला टी मूळचाच राहतो, म्हणून दोघांचा मेळ बसत नाही.

डीएफ अपूर्णांकात दिसले तर तो बहुधा केनवर्ड-रॉजरचा, म्हणजे मिक्स्ड मॉडेलसाठी डीएफ अंदाजाने काढायच्या पद्धतीचा हिशोब. नोंदी ३००० च्या वर गेल्या की ईएममीन्स तो हिशोब आपणहून सोडतं, डीएफ अनंत धरतं आणि 'टी रेशो'च्या जागी 'झेड रेशो' छापतं. भागाकार तोच, ताडून पाहायचं वितरण वेगळं. आणि कृपा करून 'टी मोठा म्हणजे फरक मोठा' असं लिहू नका. स्टँडर्ड एरर पुरेशी लहान असली की चिमूटभर फरकाचाही टी मोठा येतो. आधी फरक लिहा, मग स्टँडर्ड एरर, टी, डीएफ, पी, आणि दुरुस्ती टूकीची आहे हेही.