अवकाशकालाला पीळ असतो का?

प्रश्न : गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाशकालाची वक्रता, असे आम्ही शिकलो. त्याला पीळही असू शकतो, असे नुकतेच वाचनात आले. हा पीळ म्हणजे काय, आणि तो आढळला आहे का?

उत्तर : एका बिंदूपासून आधी एका दिशेने व मग दुसऱ्या दिशेने अतिसूक्ष्म पाऊल टाकावे, नंतर त्याच बिंदूपासून तीच पावले, दिशा समांतर राखून, उलट क्रमाने टाकावीत. पीळ नसेल तर चौकोन जुळतो, असेल तर तो उघडा राहतो. आइन्स्टाइन यांच्या १९१५च्या सिद्धांतात हा पीळ शून्यच असतो. फ्रेंच गणिती एली कार्तां यांनी १९२२मध्ये पीळ शून्य असण्याची ती अट काढून टाकली. पुढे १९६०च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ किबल व शियामा यांनी पिळाचे नाते कणांच्या स्पिनशी, म्हणजे त्यांच्या अंगभूत कोनीय संवेगाशी (फिरकीशी), जोडले : ऊर्जेमुळे वक्रता, स्पिनमुळे पीळ. ही मांडणी मला विलक्षण सुंदर वाटते. मात्र हा पीळ पदार्थाबाहेर पसरत नाही आणि त्याचा परिणाम न्यूट्रॉन ताऱ्याहूनही कितीतरी अधिक घनतेलाच जाणवावा. त्यामुळे सूर्यमालेतील निरीक्षणांवरून आइन्स्टाइन यांचा सिद्धांत आणि ही पिळाची मांडणी या दोहोंत निवड करता येत नाही. पीळ अजून कोणत्याही प्रयोगात आढळलेला नाही. तरीही विश्वारंभीच्या अतिघन अवस्थेत स्पिनमुळे प्रतिकर्षण निर्माण होऊन अनंत घनता टळू शकते, आणि संशोधकांना या विषयाची खरी ओढ आहे ती त्यासाठीच.