भूरूपं शिकतोयस? आधी नदीच्या वळणावर जा

आकृत्या पाठ करण्याआधी एकदा अजिंठ्याला जाऊन ये. लेणी सगळेच बघतात, तू समोरची दरी बघ. वाघूर नदीनं बेसाल्ट कापत घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय आणि लेणी त्याच वळणाच्या बाहेरच्या कड्यात आहेत. कातळ नुसत्या पाण्यानं झिजत नाही. पाण्यासोबत घासत जाणारे दगडगोटे खरं काम करतात.

मग उन्हाळ्यात पैठणच्या खाली गोदावरीच्या एखाद्या वळणावर उतर. बाहेरच्या काठाला प्रवाहाचा जोर, म्हणून तिथं दरड उभी आणि तळाशी पोखरलेली. (तिच्या कडेवर अजिबात उभा राहू नकोस, ती कधीही ढासळते.) आतल्या काठाला वेग कमी, तिथं वाळू साचते. वेग घटला की नदी आधी गोटे टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. एवढं पक्कं कर. जायकवाडीत साचणारा गाळ आणि राजमहेंद्रीच्या पुढचा त्रिभुज प्रदेश, दोन्ही त्यातूनच उलगडतात.

समुद्राचं काम बघायला मात्र कोकणच गाठावं लागेल. हरिहरेश्वरला लाटांनी कापलेला कातळाचा ओटा आहे, पण ओहोटीची वेळ गावात विचारूनच खाली उतर.