मिस्सात फादरांच्या हातांनी खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय, मिस्सात, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चच्या उपासनेत, फादर हात पसरतात, लवतात, भाकर उंच धरतात, त्याने भक्तीत फरक पडतो की ती नुसती रीत आहे? पडतो. ज्यांना पडत नाही असं वाटतं, त्यांनी माझ्या आजीजवळ बसायला हवं होतं.

आमचं गाव वैजापूर तालुक्यात. शेवटची सात-आठ वर्षं आजीला अजिबात ऐकू येत नव्हतं. तरी दर रविवारी ती सतरंजीवर बायकांच्या पहिल्या रांगेत असायची आणि सगळा मिस्सा फादरांच्या हातांवरून ओळखायची. हात दोन्हीकडे पसरले की प्रार्थना चालू. भाकर आणि प्याल्यावर दोन्ही तळवे पालथे धरले की ती पदर सारखा करायची, कारण इथं पवित्र आत्म्याला बोलावतात हे तिला पाठ होतं. घंटी मी वाजवायचो, ती तिला कधीच ऐकू गेली नाही. पण भाकर फादरांच्या डोक्याच्या वर गेली की आजीचे हात जोडलेले. आमचे म्हातारे फादर तिथं थांबायचे, सावकाश पाच मोजावेत इतकं.

एका सणाला पाहुणे फादर आले. त्यांना पुढं आणखी दोन गावं करायची होती. एक हात माईकवर, दुसऱ्यानं पुस्तकाची पानं उलटत होते. भाकर उचलली ती छातीपर्यंत, आणि वेदीवर समोर झेंडूची मोठी परडी. लोक कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर झालेली ती भाकर घ्यायला उठले तेव्हा आजी मोठ्यानं म्हणाली, "आरं, देव कवा आला?" दादानं तिला दंडाला धरून गप्प बसवलं. त्या दिवशी तिनं कम्युनियन घेतलं नाही. "म्या बघितलंच न्हाई, मंग घेऊ कसं?"

भाकर उंच धरायची चाल तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसकडे रुजली ती याचसाठी. तेव्हा धर्मगुरूंची पाठ लोकांकडे असायची आणि मागच्यांना काही दिसत नसे. १९६९ मध्ये रोमनं भारतासाठी बारा गोष्टींना परवानगी दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवणं, पंचांग प्रणाम, आरती, मांडी घालून मिस्सा, हे सगळं त्यातलंच. आपल्या माणसांना आपल्या देहाची भाषा कळते, म्हणून ना?

दादा अजून म्हणतो, "देव काळीज बघतो, हात नाही." देव बघतो, मान्य. पण फादर तिथं सगळ्या गावाच्या वतीनं उभे असतात. गावाला दिसायला नको?

एक मात्र खरं, फादरांचे हात कसेही हलले तरी मिस्सा पूर्णच होतो, चर्चची शिकवण तशीच आहे. म्हातारपणानं हात थरथरणाऱ्या फादरांबद्दल माझी काही तक्रार नाही. उगाच नाटकी हातवारेही मला नकोत. माझा राग फक्त घाईवर आहे.

तुम्ही एखाद्या रविवारी हात नीट दिसतील अशा जागी बसा आणि शब्दांकडे लक्षच देऊ नका.

आणि दादा हे वाचत असेल तर, त्या दिवशी आजीला गप्प करायला नको होतं. मिस्सा झाल्यावर फादरांना गाठून सांगायचं होतं, की ती परडी बाजूला घ्या आणि हात वर करा. मी तेरा वर्षांचा होतो. तू पंचवीसचा होतास.