शेवटचा गेंडा नक्की कुठला?

व्हिएतनाममधला शेवटचा गेंडा 2010 मध्ये मेला, असं लिहिल्यापासून तेच तेच विचारणारी पत्रं येताहेत. त्यातली काही इथे घेतो.

प्रश्न : शेवटचा गेंडा 2018 साली केनियात मेला ना?

तो सुदान नावाचा, आफ्रिकेतल्या उत्तरी पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर. मी लिहिलं ते जावन गेंड्याच्या व्हिएतनामी उपजातीबद्दल.

प्रश्न : म्हणजे जावन गेंडाही संपला?

नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पश्चिम टोकाला, उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात आहे. जगात फक्त तिथेच.

प्रश्न : व्हिएतनाममध्ये राखीव उद्यान होतं, संस्थाही होत्या. तरी गेला कसा?

याचं उत्तर एका ओळीत देणार नाही, कारण माझं दुखणं इथेच आहे. युद्धानंतर तिथे गेंडा उरला नाही, असंच सगळे धरून चालले होते. 1988 साली शिकाऱ्याने एक मारला, तेव्हा तो आहे हे कळलं. म्हणजे असल्याची बातमीसुद्धा मेलेल्या जनावराने दिली! मग 1999 मध्ये कात तिएन उद्यानातल्या कॅमेऱ्यात फोटो आले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. 'थोडे आहेत' म्हणत पुढची दहा वर्षं गेली; इकडे शेती जंगल कुरतडत होती आणि फासे लागत होते. अहो, 'थोडे' हा काय आकडा झाला?

2009-10 मध्ये हुंगणारे कुत्रे घेऊन लोक जंगलात फिरले, लिदीचे 22 नमुने जमवले. एप्रिल 2010 मध्ये एक गेंडा मेलेला सापडला. पायात गोळी, शिंग कापून नेलेलं. डीएनए तपासल्यावर बाविसाच्या बावीस नमुने त्या एकट्याचेच निघाले. 2011 मध्ये उपजात संपल्याचं जाहीर झालं. एकटाच उरला, तेव्हाच पुढच्या पिढीची आशा संपली होती. ही मोजणी 1999 लाच व्हायला हवी होती.

प्रश्न : जावातून आणून सोडता येतील?

पिंजऱ्यातला शेवटचा जावन गेंडा 1907 साली ॲडलेडला मेला. आज कुठल्याही प्राणिसंग्रहालयात एकही नाही. जंगलातलेच हलवायचे, तर तो निर्णय तिथल्या पशुवैद्यांनी आणि वनखात्याने घ्यावा. तुम्हीआम्ही बसल्याजागी घेऊ नये.

प्रश्न : शिंगाची पूड कॅन्सरवर चालते म्हणे. वडिलांसाठी विचारतोय.

नाही. शिंग म्हणजे केराटिन, आपली नखं असतात तेच. ही अफवा व्हिएतनाममध्ये जोरात चालली आणि विकणाऱ्यांनी पैसा केला. बाजारात पुष्कळदा म्हशीचं शिंगच खपवतात. वडिलांना आजच कॅन्सरतज्ज्ञाकडे न्या. पुडी आणून देणाऱ्या ओळखीच्या माणसात एक आठवडासुद्धा घालवू नका.

प्रश्न : आजोळच्या ट्रंकेत गेंड्याचं शिंग सापडलं. फोटो जोडलाय. किती येतील?

विकायचं नाव काढू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर घरात ठेवणंही अडचणीचं. वकिलाला विचारून वनविभागाच्या कार्यालयात जा. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच फोटो टाकला असेल, तर आधी तो काढा.